आत्याबाई मुंबईत बसल्या

आमच्या आत्याबाई खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. घरात पहिल्यांदा प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या तेव्हा पोरांनी त्यांना हाताला धरून बसवून बघितलं. त्या बसल्या, जरा इकडेतिकडे डोलल्या, मग उतरून भुईवर मांडी घातली आणि म्हणाल्या, "खुर्चीवरचा माणूस म्हणजे अर्धा उभाच. त्याला कोणीही म्हणतं, जरा सरका. भुईवर बसलेल्याला सरकवायचं तर दोघं लागतात."

त्यांना तर चौघं लागली असती. अंगाने त्या तशाच होत्या.

त्या आमच्या ह्यांच्या आत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून वाढवणला भावाच्या घरी परत आल्या त्या तिथेच राहिल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या. मग सासू म्हणा, आई म्हणा, सगळं त्याच. आता त्याही नाहीत. पण घरात कोणी नुसतं मांडी घालून बसलं तरी त्यांची आठवण निघते, आणि आठवण निघाली की हसू येतं.

बसणं हे त्यांचं हत्यार होतं. आमच्या फाट्यावर एक एसटी थांबत नसे. बायका पाट्या घेऊन हात करायच्या आणि ड्रायव्हर मासळीच्या वासाला भिऊन गाडी तशीच पुढे काढायचा. आत्याबाईंनी तीन दिवस बघितलं. चौथ्या दिवशी बोंबलाची पाटी शेजारी ठेवून रस्त्याच्या मधोमध बसल्या. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले. शेवटी कंडक्टर खाली उतरला.

"आजी, मरायचंय का?"

"नाही रे बाबा, डहाणूला जायचंय."

त्या दिवसापासून गाडी थांबायला लागली. आत्याबाई फाट्यावर नसल्या तरी थांबायची.

डहाणूच्या बाजारात एका गुजराती शेठच्या दुकानातून त्यांनी लुगडं घेतलं होतं. पहिल्याच धुण्यात त्याचा रंग गेला. शेठ म्हणाला, धुतलेलं परत घेत नाही. आत्याबाई भांडल्या नाहीत. त्याच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर जाऊन बसल्या, पाटी पायाशी ठेवली आणि लसूण सोलायला घेतला. एक गिऱ्हाईक आलं, नाकाला रुमाल लावून गेलं. दुसरं आलं, गेलं. शेठ हात जोडून म्हणाला, "माजी, उठो ने! ग्राहक जता रहेशे."

"जाऊ दे की. मी आहे ना," आत्याबाई म्हणाल्या.

दुपारच्या आत नवं लुगडं मिळालं. गंमत म्हणजे पुढे त्या शेठची आणि त्यांची चांगली दोस्ती झाली. त्या दुकानावरून गेल्या की तो आतून ओरडायचा, "माजी, बेसजो नहीं हं!" आणि त्या मुद्दाम पायरीवर टेकायच्या.

लसूण त्यांच्याजवळ कायम असायचा. गावाच्या किनाऱ्यावर सरकारचं मोठं बंदर नको म्हणून गावातल्या बायका जिथे जिथे बसायला जायच्या तिथे आत्याबाई पहिल्या. पण त्यांनी घोषणा कधी दिल्या नाहीत. घोषणा देणाऱ्यांचा घसा बसतो आणि मग ती घरी जातात, असं त्यांचं म्हणणं. त्या गोणपाटाचा तुकडा, पानाची चंची आणि सोलायला लसूण घेऊन जायच्या. मला सांगायच्या, "रिकाम्या हाताने बसलेला माणूस लवकर उठतो. हाताला काम असलं की साहेब आधी दमतो."

मला मात्र त्या काहीच शिकवू शकल्या नाहीत. मी पहिल्यापासून बुजरी. चौथीनंतर शाळा सुटली आणि चार माणसांत बोलायची सवय कधी लागलीच नाही. नवी नवरी असताना त्यांनी मला एकदा बाजारात मासळी विकायला बसवलं. गिऱ्हाईक यायचं, भाव विचारायचं, मी मान खाली घालायची, गिऱ्हाईक जायचं. आत्याबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बाई, पाटीतला मासा मेलाय तरी तोंड उघडं ठेवून पडलाय. तू तेवढं तरी कर!"

शेजारच्या बायका इतक्या हसल्या, की मी परत बाजारात बसले नाही.

आता मुंबईची गोष्ट सांगते.

आमच्या मुलीचा नाशिकला नर्सिंगला नंबर लागला होता. हॉस्टेलला जागा उरली नव्हती. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. माझ्या नणंदेचं, ताईंचं घर त्या कॉलेजपासून चालत जाण्यासारखं. दाजी तिथेच सरकारी शाळेत मास्तर. ताईंनी तीन वर्षं मुलीला ठेवून घेतलं तर प्रश्न सुटत होता. नाही घेतलं तर मुलगी माझ्यासारखी घरात बसणार होती.

विचारायचं कोणी, एवढंच अडलं होतं. आमचे हे म्हणाले, "भावाने बहिणीला द्यायचं असतं. बहिणीच्या दारात मागायला गेलेलं मला चालणार नाही." आमच्याकडे रीत तशीच आहे. बहीण आली की तिला साडीचोळी करायची, चिकू, तांदूळ बांधून द्यायचे. तिच्याकडून काही आणायचं नाही. आणि मी विचारीन, असं तर कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

गणपतीनंतर दाजींना जोडून सुट्ट्या आल्या आणि ताई-दाजी आमच्याकडे राहायला आले. मला वाटलं, देवानेच पाठवले. ह्यांना वाटलं, आता आत्याबाई बोलून बसतील. त्यांनी आत्याबाईंना पडवीत गाठलं.

"आत्ये, तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. ताईसमोर पोरीच्या शिक्षणाचा एक शब्द काढायचा नाही."

"नाही काढणार."

"ताईसमोर नाही, दाजींसमोरही नाही."

"माझ्या तोंडून निघणार नाही, जा," आत्याबाई म्हणाल्या. इतक्या लवकर कबूल झाल्या तेव्हाच ह्यांना संशय यायला हवा होता.

दाजींना मुंबई बघायची होती. "तुम्ही मुंबईच्या एवढे जवळ राहता आणि राणीची बाग नाही बघितली?" असं ते ह्यांना पुन्हा पुन्हा विचारत होते. मग ह्यांनी चिकूच्या व्यापाऱ्याची इको गाडी ड्रायव्हरसकट एका दिवसासाठी सांगितली. गाडीत जागा मोजकीच, म्हणून आत्याबाईंनी घरी थांबायचं ठरलं. पहाटे आम्ही डबे घेऊन बाहेर आलो तर आत्याबाई ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्या. मांडीवर गोणपाट.

"आत्ये, उतर."

"चिकूचा काय छान वास येतोय रे गाडीला," आत्याबाई म्हणाल्या आणि समोर बघायला लागल्या.

आम्ही मागे चढलो. उतरवायला चौघं लागली असती.

दाजी शाळेच्या सहलीसारखे वागत होते. कुठेही उतरलो की बंद छत्री वर धरायची, "चला, चला, मागे राहू नका" म्हणायचं आणि आमची डोकी मोजायची. राणीच्या बागेत आम्ही पेंग्विन बघायला गेलो. काचेच्या आत बर्फासारखी थंडी. आत्याबाई काचेला नाक लावून म्हणाल्या, "जावईबापू, ह्याला बर्फात कशाला ठेवलंय? ताजा राहावा म्हणून?"

"आत्याबाई, तो मासा नाही. पक्षी आहे."

"मग उडत का नाही?"

"त्याला उडता येत नाही. पोहतो तो."

"पोहतो, उडत नाही, बर्फात राहतो, आणि म्हणे मासा नाही! शाळेत हेच शिकवता होय?" मग बराच वेळ बघून मला हळूच म्हणाल्या, "बिचारे सगळे नुसते उभे आहेत गं. एकालाही धड बसता येत नाही."

माझं लक्ष पेंग्विनवर नव्हतं. मी ताईंच्या तोंडाकडे बघत होते. त्या हसल्या की वाटायचं, आता विचारावं. मी दोनदा "ताई" म्हणाले. त्यांनी "काय गं?" म्हटलं की मी पाणी हवंय का, असं विचारायची. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "आत्ताच तर दिलंस." तेव्हा आत्याबाई आमच्या मागेच होत्या.

दुपारी आम्ही फोर्टात आलो. डबे खाऊन झाले होते, ऊन मी म्हणत होतं. ड्रायव्हर गाडी उभी करायला जागा शोधत लांब गेला आणि दाजी छत्री वर धरून गेटवेच्या दिशेने निघाले. वाटेत एक मोठी काचेची इमारत होती. तिच्या दाराला रुंद पायऱ्या, त्यांच्यावर छान सावली. आत्याबाईंनी गोणपाट टाकला आणि मधल्या पायरीवर बसल्या.

"पाय भरून आलेत. घटकाभर टेकते."

पहारेकरी धावत आला. "माताजी, इधर नहीं बैठने का."

झालं. हे वाक्य त्याने म्हणायला नको होतं. नसता म्हणाला तर त्या खरंच घटकाभराने उठल्या असत्या. आत्याबाईंनी पदर खोचला, पिशवीतून लसूण काढला.

"इधर नहीं तो किधर? उधर ऊन है." मग ताईंना हाक मारली, "ये गं, तुझे पण पाय दुखतायत ना? बस माझ्या बाजूला."

ताईंचे पाय खरंच सुजले होते. त्या बसल्या. मुलगी बसली. सगळ्या बसल्यावर मी एकटी उभी कशी राहणार, मीही बसले. चौघी जणी ओळीने, समोर लसणाची टरफलं. जाणारी येणारी माणसं थबकायला लागली. दोन अनोळखी बायका आमच्या मागच्या पायरीवर येऊन बसल्या. एका माणसाने मोबाइल काढून फोटो घेतला आणि विचारलं, "कसलं आंदोलन आहे?"

आतून गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घातलेले साहेब आले. त्यांच्या पाठोपाठ कोपऱ्यावरचे हवालदारही आले.

"मावशी, कुठून आलात?"

"वाढवणहून," आत्याबाईंनी सांगितलं.

हवालदारांनी टोपी काढून घाम पुसला. "बंदराचं होय? अहो मग आझाद मैदानात बसायचं असतं. इथे कशा बसलात तुम्ही?"

साहेब घाबरून म्हणाले, "आमचा बंदराशी काही संबंध नाही हो! आम्ही विमा करतो."

आमचे हे पुढे झाले. "साहेब, तसं काही नाही, आम्ही फिरायला आलोय."

"वाढवणच्या बायका, गोणपाट घेऊन, विमा कंपनीच्या दारात फिरायला आल्या?" हवालदार म्हणाले.

तोपर्यंत दाजी छत्री घेऊन परत आले होते. फोटो काढणारा माणूस बघून त्यांचा चेहराच उतरला. "उठा, उठा सगळ्या! माझी सरकारी नोकरी आहे! मी ह्यांच्यातला नाही हो साहेब, मी फक्त जावई आहे!"

आत्याबाईंच्या डोळ्यांत तेव्हा जी चमक आली ती मला अजून दिसते. लसूण खाली ठेवून त्या हवालदारांना म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत नाही अजून."

"काय?"

"मागणी काय म्हणून. डहाणूचे साहेब आधी ते विचारतात."

हवालदारांनी उसासा टाकला. "बरं. मागणी काय?"

"आहे मागणी. पण मला शपथ घातलीय, माझ्या तोंडून ती निघायची नाही. ही सांगेल." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हवालदार, विम्याचे साहेब, पहारेकरी, मोबाइलवाला. ह्यांनी कपाळाला हात लावला. मी जमिनीकडे बघितलं. मुलीने माझा पदर मुठीत धरला होता. सोमवारला चार दिवस उरले होते.

मी टरफलांकडे बघतच बोलले, "माझ्या मुलीला ताईंनी घरी ठेवून घ्यावं. नर्सिंग होईपर्यंत. तीन वर्षं."

हवालदारांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "कोणत्या ताई?"

"ह्या," मी म्हणाले.

हवालदार ताईंकडे वळले. त्यांचीही पंचाईत झाली होती. "बाई, हे... हे तुमच्या हातात आहे का?"

ताई माझ्याकडे बघत होत्या. राग होता की काय होतं, मला कळेना. गर्दी वाढत होती. हवालदार दाजींना म्हणाले, "मास्तर, द्या ना एखादं आश्वासन आणि मोकळं करा. मागे वाहतूक अडलीय माझी."

"हो हो, देतो की! बघू, विचार करू, नक्की काहीतरी..."

"आश्वासन नको जावईबापू," आत्याबाई म्हणाल्या. "आश्वासनं आमच्याकडे पोतंभर पडलीत. वार सांगा."

मोबाइलवाल्याने फोन आणखी जवळ आणला.

"सोमवार!" दाजी ओरडले. "सोमवारी घेऊन या!"

मागच्या दोन अनोळखी बायकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याबाईंनी टरफलं ओंजळीत गोळा केली, गोणपाट झटकला आणि विम्याच्या साहेबांना म्हणाल्या, "सावली फार चांगली आहे तुमची." साहेबांनी हात जोडले.

गेटवे आम्ही बघितलंच नाही. दाजींनी छत्री पिशवीत घातली ती पुन्हा बाहेर काढली नाही. घोडबंदरच्या पुलावर गाड्यांची रांग लागली आणि आम्ही अडकून पडलो. मी मागच्या सीटवर ताईंच्या शेजारी अंग चोरून बसले होते. पोलिसांसमोर, गर्दीत, मास्तरांना धाकात घेऊन मिळवलेला होकार. असा होकार घरी पोचेपर्यंत टिकेल का, एवढंच मनात घोळत होतं. ताईंनी 'नाही' म्हटलं असतं तर मी त्यांना दोष देऊ शकले नसते.

खूप वेळाने ताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "हवालदाराला सांगता येतं. मला सांगता येत नव्हतं?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"भावाचं मी समजू शकते. त्याला लहानपणापासून ताठा आहे. पण तू? सकाळपासून दोनदा पाणी पाजलंस मला." मग विचारलं, "पोरीला डाळभात चालेल का? ठाऊक आहे ना, आमच्या सासूबाईंनी माळ घातलीय. माझ्या लग्नापासून घरात मासळी येत नाही. अंडंसुद्धा नाही."

मला कळलं की हाच होकार आहे, आणि हा खरा. दाजींचा नव्हता तो. मी "चालेल" म्हणणार, तेवढ्यात पुढच्या सीटवरून आवाज आला.

"तीन वर्षं बिनमासळीची? छे छे! पोर वाळून जाईल. त्यापेक्षा..."

"आत्याबाई," मी म्हणाले, "तुम्ही आता बोलायचं नाही."

ड्रायव्हरने आरशातून बघितलं. ह्यांनी मान वळवून बघितलं. लग्न झाल्यापासून मी त्यांना उलटून बोलले नव्हते, त्यांना काय, कोणालाच नाही. आत्याबाई सावकाश मागे वळल्या. माझ्याकडे नीट निरखून बघितलं, बाजारात पापलेट निरखायच्या तसं. आणि मग पुढे बघून मनोरपर्यंत चिकूचा वास घेत गप्प बसल्या. त्यांचे खांदे मात्र हसून हसून हलत होते.

सोमवारी मुलगी नाशिकला गेली. तिची बॅग मी भरली होती, पण बंद केली आत्याबाईंनी. चेन अडकते म्हणाल्या, तू सोड, मी लावते.

पंधरा दिवसांनी ताईंचा फोन आला. मी आणि आत्याबाई पडवीतच होतो.

"अगं, तुझ्या पोरीच्या बॅगेत काय निघालं ठाऊक आहे?"

"काय?"

"सुका जवळा. चांगली मोठी पिशवी, स्वेटरच्या आत गुंडाळून. सगळ्या कपड्यांना वास!"

माळकरी सासूचं घर, आणि त्यात ही सुकी मासळी. आता मुलीला परत पाठवणार. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या झाडावरचा कावळा बघत होत्या.

"सासूबाईंना कळलं?" मी कसंबसं विचारलं.

"वास आला त्यांना. मी म्हटलं, नर्सिंगच्या औषधांचा आहे." ताईंचा आवाज अगदी बारीक झाला. "खालच्या मजल्यावर एक मालवणच्या बाई राहतात. रोज थोडा त्यांच्याकडे नेऊन परतला, कांदा घालून. मी आणि पोरगी जिन्यात बसून जेवलो. आज संपला. दिवाळीला पोरगी येईल तेव्हा आत्याला सांग, कपड्यांत घालू नको म्हणावं. झाकणाच्या डब्यात घाल. आणि जरा जास्त घाल."

मी फोन ठेवला. कोणाचा होता, काय झालं, आत्याबाईंनी काही विचारलं नाही. लसणाची पाकळी सोलता सोलता म्हणाल्या, "पंधरा दिवस पुरवला म्हणजे कमालच केली. लग्नाच्या आधी तुझी नणंद जवळ्यावाचून घास गिळायची नाही."